अंड्याची शेवंड : आमच्या वाड्यातलं एका सीझनचं प्रकरण

शेवंड, म्हणजे लॉबस्टर, मिळाली की पहिला फोन मला येतो. होडी माझ्या सासऱ्यांची, आबांची, समुद्रावर जातात ते आणि माझे धाकटे भावजी, पण विक्री, हिशेब, बर्फ, शॅकवाल्यांशी, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलवाल्यांशी, बोलणं हे सगळं गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आमचा वाडा, म्हणजे मच्छीमारांची वस्ती, गोव्यात पेडणे तालुक्यात, केरी आणि हरमलच्या मधे जो खडपांचा, म्हणजे समुद्रातल्या खडकांचा, पट्टा आहे तिथनं जवळ. लहान होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, आणि तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, जाळी, ती संध्याकाळी खडपाच्या कडेने तळाशी टाकायची आणि पहाटे ओढायची. शेवंडीसाठी म्हणून आम्ही वेगळं काही करत नाही, जे अडकतं ते अडकतं, पण ऑक्टोबर ते मे शॅक चालू असतात तेव्हा एक चांगली शेवंड अख्ख्या टोपलीभर बांगड्यांपेक्षा जास्त पैसे देते, त्यामुळे जाळं कुठे टाकायचं हे शेवटी शेवंडच ठरवते असं म्हटलं तरी चालेल.

हे जे लिहितेय ते गेल्या सीझनमधलं आहे. आमच्या नऊ होड्यांनी अंड्याची शेवंड सोडायची असं ठरवलं, ते कसं ठरलं, कुठे मोडलं, परत कसं उभं केलं आणि आता कुठे अडलंय ते सगळं सांगते. किनाऱ्यावर असा विचार करणारे अजून कोणी असतील तर त्यांना तरी पहिल्यापासून सुरुवात करायला लागू नये.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. त्या पहाटे जाळ्यात सात शेवंडी होत्या, त्यातल्या दोन अंड्याच्या. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मासळीची गाबोळी पोटाच्या आत असते तसं शेवंडीचं नाही. ती अंडी बाहेर घेऊन फिरते. शेपटीच्या खालच्या बाजूला जी पाकळ्यांसारखी पायांची जोडी जोडी असते, त्यांच्या केसांना अंडी चिकटलेली असतात, राळ्याच्या दाण्यापेक्षाही बारीक, आणि एवढी दाट की खालची शेपूट दिसतच नाही. एकीची अंडी झेंडूच्या फुलासारखी नारिंगी होती. दुसरीची मळकट तपकिरी. मी दोन्ही ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, बाकीच्यांबरोबर आइसबॉक्समध्ये ठेवल्या आणि स्कूटरवरून नेहमीच्या शॅकवर घेऊन गेले, अकरा वर्षं नेतेय तशीच.

मॅनेजरने बघितलं आणि म्हणाला, ताई, ही दोन साफ करून द्या ना, गिऱ्हाईक काउंटरवर बघून पसंत करतं, खाली असं दिसलं की नको म्हणतात. मी काही बोलायच्या आत किचनमधला पोरगा कपडे घासायचा ब्रश घेऊन नळाखाली बसला. शेवंड जिवंत होती, शेपूट आपटत होती, त्याने ती गुडघ्याखाली दाबून धरली आणि घासायला लागला. नारिंगी पाणी मोरीतून वाळूत जायला लागलं. मग दुसरी घेतली. तिची अंडी सुटून फरशीवर पडली तेव्हा मी वाकून बघितलं, प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके होते. डोळे. म्हणजे अंडी फुटायला फार तर थोडे दिवस राहिले होते. पैसे घेतले आणि घरी आले, पण ते ठिपके डोळ्यांसमोरनं जाईनात. अंडी साफ करताना आजवर मी कधी बघत थांबले नव्हते एवढंच, विकत तर मीच होते.

संध्याकाळी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "आमच्या बापाशींच्या वेळार अंड्याची सोडून दित. मागीर दर वाढलो, कोण सोडता?" म्हणजे ही काही नवीन शहरी कल्पना नव्हती. आपल्याकडची जुनी रीतच होती, भाव वाढला तशी सुटली.

त्यानंतर मी वाचत गेले, एका मत्स्यशास्त्रज्ञांना फोनवर चार वेळा त्रास दिला, आणि जे कळलं ते आधी सांगते कारण पुढच्या सगळ्या भांडणात तेच कामाला आलं. आपल्या खडपावर मुख्यतः दोन जातींच्या काटेरी शेवंडी मिळतात. एक गढूळ, चिखलट पाण्यातली, शेपटीवर फिकट आडवे पट्टे असलेली, आणि एक खडपातली, काळपट हिरवी, अंगावर बारीक ठिपके असलेली. मादी ओळखायला अंडी असायलाच हवीत असं नाही, मादीच्या सगळ्यात मागच्या पायाच्या टोकाला छोटासा चिमटा असतो, नराला तो नसतो. नर तिच्या छातीवर एक काळसर डाग चिकटवून जातो, डांबराचा ठिपका लागल्यासारखा, त्यात बीज असतं, मग ती त्या मागच्या चिमट्याने तो डाग खरवडते आणि अंडी खाली पाकळ्यांवर घेते. एका मादीच्या खाली लाखाच्या घरात अंडी असतात, मोठी असेल तर कित्येक लाख. आपल्या गरम पाण्यात ती साधारण महिनाभरात फुटतात. आणि वर्षातून हे एकदाच होतं असं नाही, तीच मादी पुन्हा पुन्हा अंड्यावर येते.

ही महिनाभराची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथे मोठ्या नांग्यांची थंड पाण्यातली शेवंड मिळते, ती नऊ दहा महिने अंडी घेऊन फिरते, आणि तरी तिथे अंड्याची मादी पकडायला 1872 पासून बंदी आहे. तिथला कोळी एवढे महिने थांबतो. आपल्याला एक महिना थांबायचंय. आज सोडलेली मादी महिन्याने अंडी नसताना परत जाळ्यात आली तर ती विकायला काहीच हरकत नाही, वजन तेवढंच, भाव तोच. म्हणजे नुकसान शेवंडीचं नाही, फक्त थांबण्याचं आहे, आणि ती मधल्या काळात दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल या भीतीचं आहे. सगळं प्रकरण त्या भीतीभोवती फिरतं.

मग नियम काय आहेत ते शोधलं. मला वाटलं होतं काही ना काही असेलच, कारण बाजूलाच मोरजीला कासवाची अंडी आहेत, तिथे वनखात्याची माणसं घरट्याभोवती कुंपण घालून रात्री पहारा देतात, पिल्लं समुद्रात जाईपर्यंत. मांद्र्याला, दक्षिणेत आगोंद, गालजीबागला पण तेच. किनारा तोच, समुद्र तोच. कासव वन्यजीव कायद्यात वरच्या यादीत आहे, शेवंड ही मासळी, तिचा कायदा वेगळा.

गोव्यात पावसाळ्याची बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, ती मुख्यतः यांत्रिक बोटींसाठी. ट्रॉलरने किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत यायचं नाही. जाळ्याचा डोळा, म्हणजे विणीतलं भोक, कोळंबीसाठी 20 मिलिमीटर आणि मासळीसाठी 24 मिलिमीटरपेक्षा लहान नको. हे सगळे नियम चांगलेच आहेत, पण आमच्या प्रश्नाला लागू पडत नाहीत. 61 दिवसांत शेवंडीची अंडी मावत नाहीत, ती दसऱ्याला पण अंड्यावर असते आणि शिगम्याला पण. डोळ्याचा नियम मासळीला ठीक, शेवंड डोळ्यात मावते म्हणून अडकत नाही, ती काट्यांनी आणि पायांनी गुरफटते, डोळा केवढाही ठेवा.

शेवंडीचा म्हणून एकच नियम मला सापडला, तो केंद्राचा, 2003 चा, निर्यातीचा. खडपातली शेवंड 200 ग्रॅमच्या खाली, पट्ट्याची 300 च्या खाली, रंगीत मोठी असते ती 500 च्या खाली आणि चपटी फावड्यासारखी असते ती 150 ग्रॅमच्या खाली बाहेर देशी पाठवायची नाही. हा नियम वाचून मी खूश झाले होते, पण थोडा विचार केला आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, तो निर्यातीचा आहे. आमची शेवंड विमानात बसत नाही, ती तीन किलोमीटरवरच्या शॅकमध्ये लसणीच्या बटरमध्ये जाते. गोव्यात गिऱ्हाईकच इथे चालून येतं, त्यामुळे इतर किनाऱ्यांवर निर्यातीच्या कंपनीच्या दारात जी चाळण लागते ती आमच्याकडे लागतच नाही. दुसरी गोष्ट, वजनाची अट लहान शेवंड वाचवते, तिला एकदा तरी अंडी घालायला मिळावीत म्हणून. पण आठशे ग्रॅमची, किलोची मादी, जिच्या खाली सगळ्यात जास्त अंडी असतात, ती वजनात पास होते, आणि भाव पण तिलाच सगळ्यात जास्त. म्हणजे जी वाचायला हवी तीच आधी विकली जाते.

हे सगळं घेऊन मी देवळाच्या मांडवात बसलेल्या लोकांसमोर गेले. नऊ होड्यांची माणसं, काही बायका. मला वाटलं होतं लोक ओरडतील, तसं झालं नाही, पण प्रश्न असे विचारले की मला घाम फुटला.

वाड्यातले सगळ्यात अनुभवी तांडेल काका म्हणाले, बाय, तू म्हणतेस लाख पिल्लं होतात, ती राहतात कुठे? मी जे ऐकलं होतं ते सांगितलं, की काटेरी शेवंडीचं पिल्लू पारदर्शक पानासारखं असतं, कित्येक महिने प्रवाहाबरोबर वाहतं, लांब समुद्रात जातं, मग कधीतरी किनाऱ्याकडे येऊन खडपाला लागतं. काका म्हणाले, मग झालंच की, आमची पिल्लं वेंगुर्ल्याला नाहीतर कारवारला जाणार, आम्ही उपाशी राहून त्यांची घरं भरायची? याला माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते आजही तेच आहे, की आमच्या खडपावर जी शेवंड आहे ती पण कुणाच्या तरी मादीची आहे, कुठून तरी आलीय. पण काकांचा मुद्दा चुकीचा नव्हता. एका वाड्याने सोडून भागत नाही हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, मला ते पटायला पूर्ण सीझन लागला.

त्या दिवशी बाजू फिरली ती मुंबईच्या आकड्यांनी. मुंबईच्या समुद्रात चपटी शेवंड ट्रॉलरला ढिगाने मिळायची. 1982 मध्ये 375 टन निघाली. 1994 मध्ये 2.2 टन. बारा वर्षांत. शास्त्रज्ञांनी त्याचं कारण शोधलं ते हेच, अंड्यावरच्या माद्यांसकट सगळं उपसलं, मागून येणारी पिढीच उरली नाही. मी हे आकडे फळ्यावर लिहिले होते, खडूने, मोठे. मांडवात जरा वेळ कोणी बोललं नाही. मग एक काकी म्हणाल्या, आम्ही पोरी असताना मोठ्या ओहोटीला खडपाच्या कपारीत हात घालून शेवंड काढायचो, आता माझ्या नातीने ती फक्त शॅकच्या काचेत बघितलीय.

ठरलं, अंड्याची सोडायची. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बारा दिवस टिकलं.

तेराव्या दिवशी एका होडीने दोन अंड्याच्या मोठ्या माद्या विकल्या, बाहेरून स्कूटरवर येणाऱ्या एजंटला. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच आठवड्यात त्याचं इंजिन बंद पडलं होतं, रिपेरचे पैसे उसने घेतलेले, आणि हातात आलेली दीड किलो शेवंड पाण्यात टाक म्हणून सांगणारी मी कोण. भावजी मला म्हणाले, वहिनी, सोडतो तो एकटाच आणि फायदा सगळ्यांचा, असं कधी चालतं का? तोपर्यंत मी फक्त शेवंडीचा विचार करत होते, माणसाच्या पैशाचा हिशेब मांडलाच नव्हता.

मग दुसऱ्यांदा बसलो ते हिशेबाची वही घेऊन. ठरलं असं की प्रत्येक होडीने विकलेल्या शेवंडीमागे किलोला 40 रुपये एका डब्यात टाकायचे, डबा माझ्याकडे. जी होडी अंड्याची मादी सोडेल तिला त्या मादीच्या अंदाजे किमतीच्या एक तृतीयांश पैसे डब्यातून. पुरावा म्हणून मोबाईलवर व्हिडिओ, मादी दाखवायची, अंडी दाखवायची, सोडताना दाखवायची. लगेच एकाने विचारलं, तीच मादी परवा माझ्या जाळ्यात आली तर? तीच बाई तीनदा सोडून तीन होड्यांनी पैसे घेतले तर डबा आठवड्यात रिकामा. अगदी बरोबर प्रश्न. त्याचं उत्तर मेनमध्येच होतं. तिथले कोळी अंड्याची मादी सोडायच्या आधी तिच्या शेपटीच्या पंख्याला छोटी त्रिकोणी खाच मारतात, म्हणजे ती परत मिळाली की कोणालाही कळतं ही अंड्याची म्हणून सोडलेली आहे. आम्ही तेच केलं, नेलकटरने. पंख्याच्या कडेला, मधल्या जाड भागाला हात न लावता, नखाएवढी खाच. पहिली खाच आबांनी मारली, त्यांचा हात थरथरत नाही म्हणून.

इथे सोडायचं कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसती पाण्यात फेकली की सोडली असं नसतं. पहिले दहा दिवस आम्ही होडीवरनंच टाकत होतो. मग भावजींनी बघितलं की शेवंड पाण्यात पडली की घाबरून शेपूट मारत मागे मागे पळते, त्या झटक्यात अंडी सुटतात, आणि तळाला जाईपर्यंत मासे तिच्यावर तुटून पडतात. म्हणून मग तारेची एक जुनी टोपली घेतली, तिला दोरी, मादी आत ठेवायची, टोपली हळूहळू खडपाजवळ तळाला सोडायची, तळाला लागली की दुसऱ्या दोरीने उलटी करायची. जाळ्यातून काढताना मिशा धरून ओढायचं नाही, मिशा तुटतात. पाठीच्या कवचाला धरायचं, कापडाने, आणि पाय गुंतला असेल तर पाय ओढायचा नाही, तंगूस कापायचा. शेवंड पाय सोडून देते, नवा येतो हे खरं, पण त्यात तिची ताकद जाते. उन्हात ठेवायची नाही, गोणपाट सतत ओलं. आणि ज्या मादीच्या छातीवर काळा डाग आहे पण खाली अंडी अजून नाहीत, ती पण सोडायची, कारण ती आता अंड्यावर येणारच आहे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना पटला नाही, तीन होड्यांनीच पाळला.

दुसरं टोक होतं शॅकचं. खरं तर माझं मत असं झालंय की या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. समुद्रात कोण काय सोडतो हे कोणी बघू शकत नाही, पण विकायला शेवंड चार पाच दारांतनंच जाते. मी आमच्या पट्ट्यातल्या सहा शॅकवर गेले, मोबाईलवर फोटो घेऊन. चार जण लगेच हो म्हणाले. एकाने सांगितलं मी बघेन, आणि एक जण नाही म्हणाला, त्याचं म्हणणं मी नाही घेतली तर बाजूचा घेईल. जे हो म्हणाले त्यांचीही अडचण वेगळीच होती, मालक हो म्हणतो पण शेवंड घेतो किचनमधला स्टाफ, तो दर सीझनला नवा असतो. म्हणून मग मी फोटोंचा एक बोर्ड केला, लॅमिनेट करून, शेवंडीच्या टाकीच्या वर लावायला. अंडी असलेली मादी. काळा डाग. खाच मारलेला पंखा. आणि घासलेली मादी.

घासलेली ओळखणं हे मला त्या ब्रशवाल्या प्रसंगाने शिकवलं. नीट बघितलं तर पाकळ्यांच्या कडेला केस तसेच राहतात, त्यांच्या मुळाशी एखाद दुसरा दाणा अडकलेला असतो, बोट फिरवलं की चिकट लागतं. मेनमध्ये तर लोक अंडी काढायला ब्लीच वापरायचे, आणि ते पकडायला तिथले अधिकारी शेवंडीची तपासणी करतात, एवढं ते प्रकरण जुनं आहे. घासलेली शेवंड मी एका शॅकच्या काउंटरवर उलटी करून दाखवली तेव्हा तिथला कुक, लांबच्या राज्यातला मुलगा, म्हणाला की दीदी हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी रोज घासतो. त्याने नंतर दोनदा स्वतःहून एजंटची शेवंड परत पाठवली.

डब्याचं काय झालं ते पण सांगायला हवं. फेब्रुवारीत डबा संपला. आम्ही धरलं होतं त्यापेक्षा अंड्याच्या माद्या जास्त निघाल्या. चार दिवस वाड्यात धुसफूस झाली, माझ्यावर हिशेबाचा संशय पण घेतला गेला, मी वही मांडवात ठेवली आणि सगळ्यांनी बघितली. त्या बैठकीत एक गोष्ट बाहेर आली जी कोणाच्या लक्षात आली नव्हती, लोकांना मादीच्या किमतीपेक्षा जाळं कापावं लागतं त्याचा राग जास्त होता. मादी महिन्याने परत मिळेल ही आशा असते, पण कापलेलं जाळं सांधायला बसायला लागतं, तंगूस विकत आणायला लागतो. मग आम्ही किमतीचे पैसे बंद केले आणि डब्यातून फक्त जाळ्याचा खर्च द्यायला लागलो, तंगूस वाड्यासाठी एकत्र आणायचा आणि ज्याने जाळं कापून मादी सोडली त्याला फुकट. हे टिकलं. मे अखेरपर्यंत टिकलं.

वहीत शेवटी 38 माद्या सोडल्याची नोंद आहे. त्यातल्या पाच जणी पुढे परत जाळ्यात आल्या, खाचेवरून कळलं. दोघी परत अंड्यावर होत्या. बाकी तिघींना अंडी नव्हती, त्या विकल्या गेल्या, आणि इथे माझं वाड्याशी जमलं नाही. मेनमध्ये खाच असलेली मादी अंडी नसली तरी सोडतात, ती सिद्ध झालेली आई आहे म्हणून. मला तेच हवं होतं. पण आपली शेवंड वर्षातून बऱ्याचदा कात टाकते, दोनेक कातीत खाच बुजते, तोपर्यंतच काय ती सूट मिळेल, असं सांगूनही लोक तयार झाले नाहीत. आबा पण माझ्या बाजूने बोलले नाहीत. ते म्हणाले एकदम सगळं मागू नकोस. मी मान्य केलं.

यातून आमच्या खडपावर शेवंड वाढली का, असं कोणी विचारलं तर ते एका सीझनवर कळणारच नाही. पिल्लू महिनोन्महिने वाहतं, मग खडपाला लागून जाळ्यात येण्याएवढं मोठं व्हायला आणखी वेळ जातो. तांडेल काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते इथे परत येतं. नऊ होड्या सोडतात आणि खाडीपलीकडे तेरेखोलच्या पुढे सिंधुदुर्ग सुरू होतो, तिथला नियम वेगळा. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले, ही मोठी गोष्ट आहे, केरळने त्याच्या आधी सुरुवात केली होती. समुद्राला राज्याची हद्द नाही, पिल्लाला पण नाही, आणि एजंटच्या स्कूटरला तर अजिबात नाही.

म्हणून आम्ही अर्ज केलाय. त्यासाठी नवीन कायदा लागत नाही हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण लोक लगेच म्हणतात कायदा कुठे आहे. गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा, 1980 चा, त्याच्या चौथ्या कलमात सरकारला अधिकार आहे की ठरावीक भागात, ठरावीक काळात, ठरावीक जातीची मासळी पकडायला आदेशाने बंदी घालता येते. ट्रॉलरचे 5 किलोमीटर, 61 दिवस, हे पण आदेशानेच चालतं. आम्ही मागितलंय की बाहेर अंडी असलेली कुठलीही शेवंड, काटेरी असो की चपटी, होडीवर ठेवायची नाही, आली तर जिवंत सोडायची, आणि अंडी घासून काढलेली शेवंड ही अंड्याचीच धरायची. निर्यातीचं जे वजन आहे तेच गोव्याच्या आतल्या विक्रीला पण लावायचं. आणि शॅकचं लायसन देताना अटींमध्ये ही एक ओळ घालायची. श्रीलंकेत अंड्याची शेवंड पकडायला बंदी आहे आणि वर्षातले काही महिने शेवंडीची मासेमारीच बंद असते, आमची मागणी त्याच्या अर्धी पण नाही.

अर्जावर नऊ होड्यांच्या सह्या आहेत. त्यातली एक त्या होडीची, जिने तेराव्या दिवशी माद्या विकल्या होत्या, ती सही मी मागायला गेले नव्हते, तो स्वतः आला. अर्जाच्या कॉपीवर आवक शिक्का मिळालाय, पुढे अजून काही नाही. मी महिन्यातून एकदा जाऊन विचारते.

येत्या नारळी पुनवेच्या आधी परत बसायचंय, कारण एक प्रश्न तसाच राहिलाय. जाळ्यात अंड्याची मादी मेलेली आली तर? रात्रभर गुरफटून असं होतं, गेल्या सीझनला सहा वेळा झालं. विकायला परवानगी दिली तर उद्या प्रत्येक मादी मेलेलीच येईल. फेकून दे म्हटलं तर लोकांना ते अन्नाचा अपमान वाटतो, मला पण वाटतो. तूर्त आम्ही असं केलं की मेलेली घरी न्यायची, घरात खायची, विकायची नाही. तांडेल काकांचं म्हणणं वेगळं आहे, जाळं रात्रभर ठेवूच नका, मध्यरात्री एकदा ओढा, म्हणजे मरणारच नाही. त्यात पेट्रोल दुप्पट जातं. भावजी म्हणतात एक महिना करून बघू, आमच्या होडीवर, मग बाकीच्यांना सांगू. पेट्रोलचा हिशेब मी आतापासून वेगळ्या पानावर लिहायला घेतलाय.